दोनच शर्ट

पुन्हा तेच! वृंदाला ऑफिसला उशीर होत होता आणि तिचे बाबा बनियनवर उघड्या कपाटापुढे उभे. हा घालू की तो, यातच रोज चहा गार व्हायचा आणि तिचं डोकं गरम.

रविवारी बाबा देवळात गेले, तसं तिने कपाट उपसलं. दोन पांढरे शर्ट ठेवले, बाकीच्यांचं गाठोडं वृद्धाश्रमात देऊन आली. चला, कटकट मिटली!

सोमवारी बाबा पुन्हा कपाटापुढे थिजलेले.

"आता काय, बाबा? दोनच तर आहेत. घाला कुठलाही!" ती खेकसली.

रिकाम्या हँगरांवरून हात फिरवत बाबा म्हणाले, "तुझ्या आईचे कपडे आपण ती गेल्यावर वाटले होते गं. मी आहे की अजून."