डबल बेल

शनिवारी सकाळी वृषाली कॉलेजच्या तासाची तयारी मोठ्यानं वाचत होती आणि तिचे वडील, आबा, शेंगा फोडत ऐकत होते. अमेरिकेत गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणारी ती काळी बाई, तिची अटक आणि मग वर्षभर बसवर बहिष्कार घालून पायी चाललेले तिचे लोक.

"तिला ऊठ म्हणालं कोण?"

"ड्रायव्हर, आबा."

"मग कंडक्टर काय करत होता?"

"तिथं कंडक्टर नव्हता."

"तरीच!" आबा हसले आणि सोललेले दाणे तिच्यापुढे सरकवले.

रविवारी आबा गेले.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला चोपड्याहून म्हाताऱ्या मंदाबाई आल्या. वृषालीचा हात धरून म्हणाल्या, "तरनी व्हतू मी. बसमां गावना पाटील माले ऊठ म्हने. कंडक्टर तुना बाप. तो बोलना, 'तिकिटवर जात छापेल नही शे,' नि डबल बेल मारी दिन्ही."

वडील काय करायचे असं कुणी विचारलं, की वृषाली इतकी वर्षं 'सरकारी नोकरीत होते' एवढंच सांगायची.

रजेनंतरच्या पहिल्या तासाला तिनं त्या बाईची गोष्ट पूर्ण शिकवली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते."