परतीची जाळी

"नवा एसी बसवून आठ दिवस झाले, तरी वाचनालयात घाम पुसतोय आम्ही! खोलून न्या तो, आणि पुन्हा इथलं काम विसरा," अध्यक्षबाई कडाडल्या.

"एसी चांगला आहे जी," रज्जाक मिस्त्री शिडीवरून म्हणाला. "थंड हवा आत यायची तर खोलीतल्या हवेला मशीनकडे परत जायला वाट पाहिजे. ती कुठंतरी अडली आहे."

"कारणं पुरे."

टेबलाशी बसलेले ग्रंथपाल देवपुजारी चुळबुळले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. भिंतीच्या तळाशी एक जाळी होती. तिच्यासमोर कागद धरला की आत ओढला जाई. थंडावा इथूनच गळतोय असं वाटून त्यांनीच सोमवारी शब्दकोशांचं कपाट तिच्यापुढे सरकवलं होतं. चाळीस वर्षं पुस्तकांत घालवून एवढंही कळू नये? बोलावं तर हसं, न बोलावं तर मिस्त्रीच्या पोटावर पाय.

मिस्त्री उतरून हत्यारं पिशवीत भरू लागला. देवपुजारी उठले. त्यांनी कपाटाला खांदा लावला. कपाट करकरत हललं आणि मागची जाळी दिसली.

"हे इथं कोणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

मिस्त्रीनं देवपुजारींच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. "जुनी इमारत आहे जी. सरकलं असेल आपोआप."

"मी ठेवलं!" देवपुजारी ओरडले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच एका वाचकानं त्यांना म्हटलं, "सर, हळू बोला."