फाटकातली गाडी

ब्रेकचं पेडल पुन्हा तळाला गेलं आणि गाडी थांबली नाही.

सुनेने गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी उताराच्या कडेला खडीत घातली. पुढच्या ट्रकच्या फळीपासून हातभर अंतरावर ती टेकली. मागे सासूबाई पुढची सीट घट्ट धरून बसल्या होत्या.

कंपनीचा निरोप येऊन कित्येक महिने झाले होते. या गाडीच्या ब्रेकमध्ये दोष आहे, भाग बदलून मिळेपर्यंत गाडी चालवू नये, बदली फुकट. फुकट होती, फक्त मिळत नव्हती. सर्व्हिस सेंटरला फोन करा नाहीतर खेटे घाला, ठरलेलं उत्तर: भाग अजून आलेला नाही. इकडे सासूबाईंचं दिवसाआड डायलिसिस. नवरा बोटीवर, घर टेकडीच्या माथ्यावर. टॅक्सीवाले तिथवर यायला तयार नसत आणि बसच्या पायऱ्या सासूबाईंना चढवत नसत. गाडी काढावी तर जिवाशी खेळ, न काढावी तरी जिवाशीच. इकडे आड, तिकडे विहीर. सून दुसऱ्या गिअरवर, जीव मुठीत धरून उतरायची. झोपेतसुद्धा तिचा उजवा पाय गादी दाबत राहायचा.

"हॉस्पिटल राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "आधी सर्व्हिस सेंटरला चल."

"आई, मशीनची वेळ चुकेल."

"चुकू दे."

सर्व्हिस सेंटरला फाटक एकच. आत जायचं तिथूनच आणि बाहेर पडायचंही तिथूनच. गाडी बरोबर फाटकात शिरली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांब. बंद कर." मग मागून त्यांचा सुजलेला हात पुढे आला. "किल्ली."

या सुरात मागितलेली वस्तू सुनेने दिली नाही, असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. तिने किल्ली दिली.

मॅनेजर लगबगीने आला. "मॅडम, गाडी जरा पुढे घ्या. रस्ता अडलाय."

"ब्रेक लागत नाहीत," सासूबाई मागून म्हणाल्या. "चालवू नका, असं तुमचंच म्हणणं आहे. आज ऐकलं आम्ही."

"काकू, भाग आला की पहिला फोन तुम्हालाच करतो."

सासूबाईंनी मान फिरवली. आत धुतलेल्या गाड्या खोळंबल्या, बाहेर रांग लागली. रांगेत अगदी यांच्यासारखीच एक गाडी होती. तिच्यातून एक माणूस उतरून फाटकाशी आला. त्याच्या कडेवर लहान मुलगी झोपली होती. तोही त्याच भागाची वाट बघत होता.

मॅनेजरने आवाजात साखर घातली. "आमचा ड्रायव्हर तुम्हाला आत्ता हॉस्पिटलात सोडतो. मग तर झालं?"

"आणि परवा?"

कोणी तरी हॉर्न दाबून धरला. सुनेला वाटलं, दार उघडून पळत सुटावं. पण सासूबाईंना सोडून पळणार कुठे? पुढे जाता येत नव्हतं, मागे जाता येत नव्हतं, आणि किल्लीही आपल्या हातात नव्हती. आरशात तिला सासूबाईंचा चेहरा दिसला. पिवळट, ओठ कोरडे, श्वास तोकडा.

"आई, पुरे आता. तुमची तब्येत बघा."

"मी बघते रोज. आज यालाही दिसू दे."

मग त्यांनी आवारातल्याच शोरूमच्या काचेकडे बोट केलं. तिथे अशाच दोन-तीन कोऱ्या करकरीत गाड्या उभ्या होत्या. "त्या विकायच्या आहेत ना? त्यांचे ब्रेक लागतात?"

"लागणारच. नव्या गाडीत सुधारलेला भाग बसवूनच..."

मॅनेजर तिथेच अडखळला. सुनेनेही काचेकडे पाहिलं. किती वेळा ती त्या गाड्यांसमोरून रिकाम्या हाताने परतली होती.

मॅनेजर तिच्या खिडकीशी वाकला. कुजबुजत म्हणाला, "त्यातल्या एकीचा काढून तुम्हाला लावतो. आजच. पण बाहेर अवाक्षर निघता कामा नये, नाहीतर उद्या माझ्या दारात जत्रा भरेल. शब्द द्या."

सुनेने मागे पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले, मान एका बाजूला कललेली. ग्लानीच आली असावी. फाटकाशी मुलीला घेतलेला तो माणूस इकडेच बघत होता. सुनेने त्याच्यावरून नजर हटवली.

"दिला शब्द," ती म्हणाली.

तिने सासूबाईंच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली आणि गॅरेजच्या पोरांनी गाडी आत ढकलली. आत फिटर कामाला लागला. सुनेने हॉस्पिटलला फोन केला तर दुपारनंतर एक मशीन मोकळं होतं. काम झाल्यावर तिने आवारात एक फेरी मारून पाहिली. पेडल घट्ट लागत होतं, गाडी जागच्या जागी थांबत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा तो माणूस अजून आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्यालाही तेच ठरलेलं उत्तर मिळालं असणार. सुनेने समोर पाहून गाडी पुढे काढली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

गाडी थांबली. सासूबाईंनी काच खाली केली आणि त्या माणसाला जवळ बोलावलं.

"काचेमागच्या नव्या गाड्यांतला भाग काढून लावतात. आम्हाला लावून दिला. तुम्ही गाडी फाटकात घाला आणि हलू नका."

तो धावत गाडीकडे वळला. सुनेचा चेहरा लाल झाला. "आई, मी शब्द दिला होता त्याला."

"तू दिला होतास," काच वर घेत सासूबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं?"