बाहेर बोलायचं नाही

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि सकाळची शांतता मोडली. शुभदानं गॅस बंद केला, तोच इस्पितळातून मेट्रनबाईंचा फोन आला.

“सिस्टर, लवकर या. अपघात आधी सांगणाऱ्या यंत्राचा अंदाज आलाय, दुपारी मोठा अपघात. जखमींसाठी मुलांचा वॉर्ड रिकामा करायचाय.”

“मुलांचा? कुठं होणारे, मॅडम?”

“ठिकाण कधी कळलंय त्याला? आणि बाहेर बोलू नका हं. मागच्या खेपेला नुसत्या पळापळीत माणसं चेंगरली.”

दारात कस्तुरी सहलीची पिशवी घेऊन उभी होती. शुभदानं ती हळूच तिच्या खांद्यावरून उतरवली.

“आज बसमध्ये नको बसूस, राणी. आईला ते ठीक वाटत नाहीये.”

कस्तुरीनं गाल फुगवले, मग विचारलं, “जुई पण त्याच बसमध्ये आहे. तिच्या आईला पण सांगतेस ना?”