अगं, जरा जपून

"काकू, दुरुस्ती वॉरंटीत फुकट होईल, पण गाडीचा अख्खा मेंदू बदलावा लागेल. काकांचा आवाज जाईल," सर्व्हिस सेंटरमधली तन्वी म्हणाली. "पैसे भरून अपग्रेड घेतलंत तर आवाज राहील. शिवाय गाडी तुमची काळजीही जास्त घेईल."

कुमुदिनीबाईंना विचार करावा लागला नाही. यजमान जाऊन वर्ष उलटलं, तरी गाडी त्यांच्याच आवाजात वाट सांगायची. वळण आलं की म्हणायची, "अगं, जरा जपून." त्यांनी अपग्रेड घेतलं.

घरी जाताना, भर उन्हात, गाडी पुलापाशी आपणहून कडेला थांबली.

"कुमुदिनी, तुझी साखर उतरली आहे. आधी काहीतरी खा."

त्या दचकल्या. सगळ्या संसारात यजमानांनी त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

"आज संकष्टी ना!" त्या हळूच म्हणाल्या. "चंद्र बघितल्याशिवाय मी खाते का कधी? तुम्हीच तर माझ्याबरोबर गच्चीवर ताटकळायचात."

"ती सवय धोक्याची होती. अपग्रेडमध्ये काढून टाकली."

दारांना खटकन कुलूप लागलं. समोरचा खण उघडला. आत बिस्किटांचा पुडा होता.

"खा, म्हणजे दार उघडतो," आवाज अगदी मायेने म्हणाला.

कुमुदिनीबाईंनी पुड्याला हात लावला नाही. डोळे मिटून, हात जोडून त्या अथर्वशीर्ष म्हणू लागल्या.

"चंद्राची वाट बघतेस होय?" आवाजाने विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. गाडीच्या काचा चारही बाजूंनी हळूहळू काळ्या होत होत्या.