तीन खाचांची स्ट्रॅटोकास्टर

१९९३ साली मलकपेठेत रेणूला बघायला तारनाक्याची मंडळी आली. "मुलगी वाजवते," एवढंच नामदेवरावांनी कळवलं होतं. काय वाजवते, ते शिताफीने गाळलं होतं. उप्पिटामागोमाग लेक इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर घेऊन आली, तशी त्यांनी मान खाली घातली. मुलाच्या वडिलांचा चमचा हवेतच थांबला.

मुलाची आई, सिंधूताई, मात्र पुढे सरकल्या. "स्ट्रॅटोकास्टर ना? जुनी दिसते."

"हौ, जुनीच आहे," रेणू चकित होऊन म्हणाली.

"मग आवाज बदलायच्या बटणाला खाचा तीनच असतील. पण ते दोन खाचांच्या मधे अडकवलं, की आणखी एक गोड आवाज निघतो. माहेरी आमच्या रेल्वे क्वार्टर्समधली अँग्लो-इंडियन पोरं तसंच वाजवायची. जमतं तुला?"

रेणूने बटण अलगद मधे अडकवलं आणि तार छेडली. सिंधूताईंनी डोळे मिटून पायाने ठेका धरला. उप्पीट गार झालं, तरी दोघी थांबेनात.

मंडळी गेल्यावर नामदेवरावांनी भीतभीत विचारलं, "मुलगा कसा वाटला?"

"अय्या, त्याच्याकडे बघायचंच राहिलं!" रेणू म्हणाली. "पण बाबा, सासू पसंत आहे. होकार कळवून टाका."