उंबऱ्यातला माणूस

बहात्तर सालची गोष्ट. नगरच्या एका छापखान्यातून भुताखेतांच्या चित्रकथांचा अंक निघायचा आणि त्याचं संपादन प्रमिला करायची. मुखपृष्ठ दुपारी मशीनवर चढायचं होतं, तरी भिंगारची चित्रकार मनकर्णा अजून आली नव्हती. प्रमिलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती सारखी दारापर्यंत जाऊन परत येत होती.

मनकर्णा आली ती धापा टाकतच, आणि तिनं कागद उलगडला. चित्रात ना सुळे होते, ना उलटी पावलं. उंबऱ्यात एक माणूस उभा होता. त्याचा चेहरा अंधारात होता आणि हातात पायातली वहाण होती.

मालक आबासाहेब हसले. "अहो, हा तर कामावरून घरी आलेला माणूस. वहाणा काढतोय बिचारा. ह्याला कोण घाबरणार? नेहमीसारखी हडळ काढा."

"हडळीची मला कधी भीतीच वाटली न्हाई, साहेब," मनकर्णा म्हणाली.

प्रमिलाची नजर चित्रावरून हलत नव्हती. तिनं मनकर्णाचा हात धरला आणि चित्र घेऊन दोघी शेजारच्या खोलीत गेल्या. तिथं बायका गप्पा मारत अंकाची पानं दुमडत बसल्या होत्या. चित्र एकीकडून दुसरीकडे जात राहिलं, तशी खोली गप्प होत गेली.



शेवटी बसलेल्या रंगुबाईनं ते पालथं घातलं आणि मनकर्णाला हळूच विचारलं, "बाई, तुमी आमच्या घरी कवा आल्ता?"